जपून! पायाखालची माती जिवंत आहे

सुट्टीत राहायला जागा हवीय? भाडं नको, आधीपासून नाव नोंदवायला नको, फाटकावर पावती फाडायला नको. तंबू उचला, गाडीत टाका आणि चला! अमेरिकेच्या पश्चिम भागात अशी मोकळी सरकारी जमीन अफाट पसरलेली आहे. ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ नावाचं खातं ती सांभाळतं. हे खातं १९४६ साली सुरू झालं. त्याच्या ताब्यातले सगळे तुकडे जोडले, तर आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठी जमीन होईल. यातल्या बऱ्याच भागात कुणीही जाऊन तंबू ठोकू शकतं. एका जागी साधारण १४ दिवस राहायचं, मग मुक्काम हलवायचा, एवढी अट.

पण तिथे काय काय नाही, तेही ऐका. नळ नाही. दिवे नाहीत. दुकान नाही. मोबाइलला रेंज नाही. कचऱ्याचा डबा नाही आणि (हसू नका बरं का) संडासही नाही!

पाण्याचं सोपं आहे. माणशी दिवसाला चार लिटर तरी आपलं आपण न्यायचं. पण सकाळी उठल्यावर काय? दाट जंगलात असाल तर वाटेपासून आणि ओढ्यापासून लांब, वीतभर खोल खड्डा करायचा आणि नंतर माती लोटायची. पुढचं काम मातीतले जिवाणू, बुरशी आणि किडे करतात. युटा राज्यातल्या लाल दगडांच्या वाळवंटी दऱ्यांत मात्र ही युक्ती चालत नाही. तिथल्या कित्येक दऱ्यांत आपली शी आपणच पिशवीत भरून परत आणायची असते. खास पिशवी मिळते त्यासाठी. आत एक पावडर असते, बाळाच्या डायपरमध्ये असते ना, तीच. ओल शोषून ती सगळं घट्ट करून टाकते. पिशवीचं तोंड बंद करायचं, सॅकमध्ये टाकायची आणि पाठीवर घेऊन चालायला लागायचं.

ईऽऽ! पण असं का करायचं?

कारण कुजायलासुद्धा पाणी लागतं. जिवाणू ओलाव्याशिवाय काम करू शकत नाहीत. वाळवंटात संत्र्याचं साल टाकलं, तर ते कुजत नाही, नुसतं वाळून पडून राहतं. शीचंही तेच. तुमच्यानंतर येणाऱ्याला ती तिथेच सापडणार.

मग तिथली माती मेलेली असते का? मुळीच नाही! उलट तीच तर या मुलखातली सगळ्यात भारी गोष्ट आहे.

समजा, युटामधल्या एस्कलांटे नदीच्या परिसरात तुम्ही तंबू टाकलाय. (पाएउट आणि इतर मूळनिवासी लोकांना ही नदी पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, पण सरकारी नकाशे करणाऱ्यांना ती सापडली थेट १८७२ साली. इतका हा मुलूख आडबाजूला!) खडकाच्या कडेवर गुडघे टेकून बसा आणि समोरच्या मातीकडे भिंगातून बघा. लालसर वाळूवर एक काळपट, खडबडीत थर दिसेल. त्यावर छोटेछोटे उंचवटे असतात, काही बोटाच्या पेराएवढे. मध्येच पांढरे, पिवळे ठिपके, ते दगडफुलाचे. कुठे सुकलेलं, काळं पडलेलं शेवाळ. या थराचा आधीच सुटलेला चिमूटभर तुकडा हलकेच उचलला, तर खालून वाळूचे कण लोंबताना दिसतात. कण खाली का पडत नाहीत? कारण ते बारीक धाग्यांत अडकलेले असतात.

हे धागे म्हणजे नीलहरित जिवाणू, सायनोबॅक्टेरिया. प्रत्येक धाग्याभोवती चिकट आवरण असतं. पाऊस पडला की धागे फुगतात, आवरणातून सरकत बाहेर येतात आणि मातीच्या कणांतून वाट काढत चालू लागतात. हो, चालू लागतात! काही मिनिटांत काळ्या मातीवर हिरवट झाक येते. माती सुकली की जिथे असतील तिथे थांबतात आणि पुढच्या पावसापर्यंत निपचित पडून राहतात. जुनी चिकट आवरणं मात्र मागे तशीच राहतात. राजगिऱ्याच्या लाडूत गुळाचा पाक दाण्यांना धरून ठेवतो, तसं या आवरणांनी वाळूला धरून ठेवलेलं असतं. म्हणून तर वारा कितीही सुटला, तरी ती माती उडत नाही.

शिवाय हे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून मातीत आणतात, म्हणजे झाडांना फुकटचं खत. आणि यांचे पूर्वज कोण होते ठाऊक आहे? आपण श्वासातून घेतो तो ऑक्सिजन पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा साठू लागला, तो सायनोबॅक्टेरियांमुळेच. त्याला सुमारे २४० कोटी वर्षं झाली. एवढं थोर घराणं, आणि ते नेमकं आपल्या बुटाखाली येतं!

एक बूट पडला की सुके धागे कटाकट तुटतात. ते पुन्हा जुळायला पाऊस हवा, आणि पाऊस तर तिथे क्वचित. धाग्यांचा थर पुन्हा यायला कित्येक वर्षं जातात, शेवाळ आणि दगडफूल परतायला कित्येक दशकं, कधीकधी त्याहूनही जास्त. पटत नाही? मग मोहावी वाळवंटाची गोष्ट ऐका. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी सैन्यातल्या जनरल पॅटन यांनी तिथे रणगाडे चालवण्याचं शिक्षण सुरू केलं. दोन वर्षांनी ते बंद झालं. त्या रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या खुणा काही ठिकाणी आजही दिसतात. तेव्हाचे सैनिक पणजोबा झाले, खुणा आहेत तशाच!

तुटलेल्या थराखालची माती पुढे कुठे जाते, तेही बघा. वारा तिला उचलतो आणि लांब रॉकी पर्वतातल्या बर्फावर नेऊन टाकतो. बर्फ मळकं झालं की जास्त ऊन शोषतं आणि नेहमीपेक्षा लवकर वितळतं. ते पाणी जातं कोलोरॅडो नदीला, आणि या नदीच्या पाण्यावर सुमारे चार कोटी माणसं अवलंबून आहेत. मला ही साखळी फार विलक्षण वाटते. कुठे वाळवंटात मोडलेला मातीचा थर आणि कुठे शहरातला नळ!

म्हणून तिथे मुरलेले भटके एक तर उघड्या खडकावरून चालतात, नाहीतर कोरड्या ओढ्याच्या वाळूतून. ओढ्यातली वाळू दर पुरात हलते, त्यामुळे तिथे हा थर नसतोच. तंबूही खडकावर किंवा आधी कुणीतरी मुक्काम केलेल्या जागी लावायचा. स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर. आजूबाजूची काटकी मोडून शेकोटी पेटवायची नाही, कारण तिथे झाडंच मोजकी, आणि पडलेली काटकीसुद्धा मातीच्या कामाची.

आणि ओढ्याच्या वाळूत झोपायचं तर मुळीच नाही, भले ती कितीही मऊ असो! वर आकाश निरभ्र असलं, तरी कित्येक किलोमीटर लांब कुठेतरी ढग फुटलेला असू शकतो. उघडा खडक पाणी पीत नाही. सगळं पाणी घरंगळत अरुंद दरीत शिरतं आणि बघता बघता माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढा लोंढा येतो. त्यात ओंडके, दगड, चिखल, सगळंच असतं.

रात्री तंबूत जाण्याआधी तारे बघायचे असतील, तर बॅटरीवर लाल कागद लावायचा. आपल्या डोळ्यात अंधारात बघण्यासाठी ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. पांढऱ्या उजेडाने ते उडून जातं आणि पुरतं भरून यायला अर्धा तास लागतो. लाल उजेडाचा त्याला फारसा त्रास नाही. याच युटामधलं नॅचरल ब्रिजेस हे ठिकाण २००७ साली जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. इतका तिथला अंधार चांगला!

आता पावसानंतरची गंमत. खडकावर जागोजागी खळगे असतात, काही बशीएवढे, काही खोलीएवढे. एरवी आत नुसता वाळका गाळ. पाऊस पडून खळगा भरला की काही दिवसांत त्यात जीव वळवळायला लागतात. ट्रायॉप्स नावाचा तीन डोळ्यांचा, पाठीवर ढाल असलेला प्राणी त्यांतलाच. डायनोसॉरच्या काळातल्या जीवाश्मांतही जवळजवळ असेच प्राणी सापडतात. दुसरी फेअरी श्रिम्प, म्हणजे परी-कोळंबी. अंगठ्याच्या पेराएवढी, जवळजवळ पारदर्शक. ही उताणी पोहते. तिचे पाय पानांसारखे चपटे असतात, आणि त्याच पायांनी ती पोहते, श्वास घेते आणि अन्नही गोळा करते.

पाणी आटलं की परी-कोळंब्या मरतात, पण गाळात अंडी राहतात. ऊन, थंडी, कोरड, वर्षानुवर्षं सगळं सोसून टिकतात. त्यातही एक हुशारी आहे. पहिल्या पावसात सगळी अंडी फुटत नाहीत. खळगा लवकर आटला आणि बाहेर आलेली पिल्लं मेली, तर पुढच्या पावसासाठी काही अंडी शिल्लक असतात.

ही परी-कोळंबी बघायला युटाला जायलाच हवं असं नाही. आपल्या सह्याद्रीतल्या सड्यांवर, कातळांवर पावसाळ्यात जी उथळ डबकी साठतात, त्यांतही परी-कोळंब्या असतात. २०१४ साली पश्चिम घाटातल्या एका नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं, तिचं नाव ‘स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस’. पावसाळ्यात मोठ्या माणसांबरोबर एखाद्या सड्यावर गेलात, तर डबक्यात पाय घालू नका. हाताला क्रीम किंवा डास पळवायचं औषध लावलं असेल, तर बोटही बुडवू नका, कारण एवढ्याशा पाण्यात ते पटकन भिनतं. काठावर पालथं पडा, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि थोडा वेळ तळाकडे बघत राहा. पोट वर करून, पाय हलवत सरकणारं काही दिसलं, तर ओळखा, सापडली!