हस्तकौशल्य व स्नेहभाव

दया हा मनाचा गुण व कला हा हाताचा, असें आपण सामान्यतः समजतों. परंतु किंचित् विचार केला असतां असें दिसून येईल कीं, मनांतील दया जोंपर्यंत कृतींत उतरत नाहीं, तोंपर्यंत ती दुसऱ्यापर्यंत पोहोंचत नाहीं. गोड शब्द ऐकतांना बरे वाटतात. पण ते लवकरच विरून जातात. स्वहस्तें घडविलेली वस्तु मात्र, ती कितीही साधी असो, ज्याला मिळाली त्याच्यापाशीं राहते व देणाऱ्याची आठवण जागी ठेविते. समाजांत स्नेहभाव वाढविण्याचें हें साधन किती जुनें व किती समर्थ आहे, तें कांहीं उदाहरणांवरून पाहूं.

पवित्र शास्त्रांत, प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायांत, यापो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस नांवाच्या शिष्येची हकीकत आली आहे. ती मरण पावल्यावर विधवा स्त्रिया रडत पेत्राभोवतीं उभ्या राहिल्या आणि तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें त्याला दाखवूं लागल्या. तिच्या सत्कृत्यांची साक्ष देण्यास त्यांना याहून दुसरें कांहीं सुचलें नाहीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत गरिबांसाठीं कपडे शिवणाऱ्या स्त्रियांचीं मंडळें चर्चांतून निघालीं, त्यांस दुर्कसचेंच नांव देण्यांत आलें. एका सुईचें काम अठरा शतकें लोटल्यावरही इतरांच्या हातीं सुई देतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

हस्तकौशल्य मित्रांतच नव्हे, तर प्रतिपक्ष्यांतही सद्भाव उत्पन्न करूं शकतें. इ. स. १९१० मध्यें महात्मा गांधींनीं दक्षिण आफ्रिकेंत जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म ही वसाहत स्थापिली. त्यांचे जर्मन स्नेही कालेनबाख हे मॅरिअनहिल येथील ट्रॅपिस्ट पंथाच्या कॅथॉलिक मठांत जाऊन चपला करण्यास शिकून आले व त्यांच्यापासून गांधीजी ती कला शिकले. पुढें तुरुंगांत असतां त्यांनीं चपलांचा एक जोड तयार केला आणि तो दिला कोणाला? ज्यांच्या सरकारनें त्यांस तुरुंगांत टाकिलें होतें, त्या जनरल स्मट्स यांनाच! हिंदी लोकांच्या हक्कांसाठीं चाललेला लढा या भेटीनें थांबला नाहीं, व तो थांबावा असा तिचा हेतुही नव्हता. अन्यायाशीं विरोध आणि माणसाशीं प्रेम, हीं दोन्ही एकाच हातानें करतां येतात, एवढेंच त्या जोडानें सांगितलें. स्मट्स यांनीं त्या चपला अनेक उन्हाळे वापरल्या. १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास, त्यांनीं त्या परत पाठविल्या, आणि एवढ्या थोर पुरुषाच्या पादत्राणांत पाय घालण्याची आपली योग्यता नाहीं, अशा आशयाचे उद्गार लिहिले.

तिसरें उदाहरण शाळेंतील मुलांचें आहे, म्हणून तें आपणांस अधिक जवळचें. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हां सादाको सासाकी ही मुलगी अवघी दोन वर्षांची होती. त्या वेळीं ती वांचली. पण १९५५ साली तिला रक्ताचा कर्करोग झाल्याचें आढळून आलें. ती इस्पितळांत असतां नागोया शहराकडील विद्यार्थ्यांनीं रुग्णांसाठीं कागदी क्रौंच पक्षी करून पाठविले. असे हजार पक्षी केले असतां मनांतील इच्छा पूर्ण होते, अशी जपानांत समजूत आहे. सादाकोही औषधांच्या पुड्यांचे कागद जमवून पक्षी करूं लागली. तिनें हजारांहून अधिक पक्षी केले. पण ती बरी झाली नाहीं. २५ ऑक्टोबर १९५५ रोजीं, बाराव्या वर्षीं, ती निवर्तली.

मग त्या कागदांचा उपयोग काय झाला, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, तिच्या वर्गांतील मुलांनीं तो शोक मुका राहूं दिला नाहीं. त्यांनीं देशभरच्या शाळांना हांक दिली, निधि जमविला, आणि ५ मे १९५८ रोजीं हिरोशिमाच्या शांतता-उद्यानांत बाँबनें बळी घेतलेल्या सर्व मुलांचें स्मारक उभें राहिलें. आजही जगांतील मुलें तेथें प्रतिवर्षीं लाखों कागदी पक्षी पाठवितात. कागदाचा पक्षी रोग बरा करीत नाहीं. परंतु दुःखिताला तूं एकटा नाहींस असें सांगण्याचें काम तो करतो, आणि तें काम लहान नव्हे.

आपल्याकडील गोधडी घ्या. आजीचें मऊ झालेलें जुनें लुगडें, आईचें पातळ, फाटकें धोतर, हे सारे थर एकावर एक घालून त्यांवर धांवदोरा घालीत जावयाचें. शेजारणी येऊन बसतात, बोलतां बोलतां एकीचें काम चौघींचें होतें. तान्ह्या मुलाच्या अंगाला नव्या कापडापेक्षां हें जुनें मऊ कापड मानवतें. बाजारांत पांघरुणांस तोटा नाहीं. पण त्यांत घरच्या माणसांच्या कपड्यांची ऊब नसते.

या सर्वांतील कारण एकच आहे. विकत घेतलेल्या वस्तूंत पैसा खर्च होतो. स्वतः केलेल्या वस्तूंत आयुष्याचा कांहीं काळ खर्च होतो, व तो परत मिळत नाहीं. शिवाय, दुसऱ्यासाठीं वस्तु करूं लागलें कीं त्याचें माप, त्याची आवड, त्याची गरज यांचा विचार करावाच लागतो. म्हणजे हात चालत असतां मनही दुसऱ्याच्या घरीं जाऊन येतें. घेणारा सुखावतो, पण बदलतो तो करणारा.

मात्र येथें सावधपणा हवा. भुकेल्याला कागदाचीं फुलें देणें ही दया नव्हे. त्याला आधीं भाकरी पाहिजे. तसेंच प्रदर्शनांत बक्षीस मिळावें म्हणून केलेली वस्तु उरली तर गरिबाला द्यावी, यांतही स्नेह नाहीं. ज्याला द्यावयाचें त्याच्याकडे पाहून आरंभ करावा.

विद्यार्थिमित्रांनो, यासाठीं मोठें कसब लागत नाहीं. आजारी वर्गबंधूस चार ओळी लिहून रंगविलेलें पत्र, धाकट्या वर्गांतील मुलांच्या फाटक्या पुस्तकांस घातलेलीं पुठ्ठ्याचीं वेष्टनें, वसतिगृहांत नव्यानें आलेल्या मुलासाठीं शिवलेली पिशवी, एवढें आपणांपैकीं प्रत्येकास करतां येईल. देवानें दोन हात दिले आहेत. त्यांपैकीं एक स्वतःच्या कामास राबला, तर दुसरा शेजाऱ्याच्या कामास यावा.