चढ चढताना दम लागतो, तो रक्त कमी पोचल्यामुळे?

भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या शंभरावर आहेत. त्या चढताना बाई मध्येच थांबली, की सोबतचं कुणीतरी सांगतंच: बायकांचं हृदय लहान, त्यांच्या स्नायूंना रक्त कमी पोचतं. भंवरताल बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांतही हा समज आढळतो आणि त्यापायी कितीतरी जणी जोराचा व्यायाम टाळतात.

यातलं पहिलं विधान सरासरीने खरं आहे. स्त्रीचं हृदय लहान असतं, एका ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं. पण ज्यांना ते पुरवायचं, ते स्नायूही पुरुषापेक्षा कमी असतात. म्हणून एकूण रक्त मोजून काही कळत नाही. काम करणाऱ्या स्नायूला त्याच्या मानाने किती मिळालं, ते पाहावं लागतं.

आपण स्वस्थ बसलेलो असताना हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंकडे जातो. व्यायाम अगदी जोरात असेल तर तोच हिस्सा 80 टक्क्यांच्या वर पोचतो. स्नायू राबू लागला की त्यातून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइडसारखी रसायनं सुटतात, बारीक रोहिण्या रुंदावतात आणि रक्त तिकडे वळतं. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 साली तरुण स्त्री-पुरुषांना गुडघा सरळ करण्याचा व्यायाम देऊन मांडीतला रक्तप्रवाह मोजला. पायाच्या रक्तवाहिन्या स्त्रियांमध्ये जास्त रुंदावल्या! इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा यात वाटा असावा, असं मानलं जातं. वय वाढल्यावर मात्र स्त्रियांमधलं हे रुंदावणं कमी होतं, म्हणून पन्नाशीनंतर चालणं सोडू नये.

बाईचे स्नायू लवकर थकतात, हाही असाच एक समज. आपल्या पूर्ण ताकदीच्या ठरावीक टक्के जोर लावून धरून ठेवायचं असेल, तर स्त्रिया बहुधा पुरुषांपेक्षा जास्त वेळ टिकतात. जास्त ताकदीचा स्नायू आवळला की स्वतःतल्याच रक्तवाहिन्या जास्त दाबतो, हे त्याचं एक कारण. अवयवाचा रक्तपुरवठा पट्ट्याने रोखून केलेल्या प्रयोगात हा फरक नाहीसा झाला. म्हणजे टिकाव धरण्यात रक्तप्रवाहाचा हात आहे. वेगाच्या, हालचालीच्या व्यायामात हा फरक कमी दिसतो, हेही खरं.

मग पायऱ्यांवर दम का लागतो? सवय नसणं हे एक कारण. दुसरं कारण आपल्याकडे घरोघर आहे आणि ते मला जास्त छळतं. स्नायूला पोचलेल्या रक्तात प्राणवायू किती, हे हिमोग्लोबिनवर ठरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019–21) मध्य प्रदेशात 15 ते 49 वयाच्या 54.7 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. देशभर याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के आहे. हिमोग्लोबिन कमी असलं की हृदय जास्त वेगाने धडधडून ती तूट भरून काढू पाहतं आणि आपण त्याला ‘बायकांची प्रकृतीच नाजूक’ म्हणून मोकळे होतो. ही प्रकृती नव्हे, आजार आहे. त्यावर उपचार आहेत.

पालेभाजी, कडधान्यं ताटात असोत, वर लिंबू पिळावं. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने लोह कमी शोषलं जातं. पण आहारावरच विसंबू नका. गर्भवती नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन एका डेसीलिटरमागे 12 ग्रॅमच्या खाली असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण मुदत घ्या. छातीत दुखत असेल किंवा थोडं चालूनही धाप लागत असेल, तर हृदयाचीही तपासणी करून घ्या. जबलपूरकरांनो, सरकारी दवाखान्यात ही रक्ततपासणी होते. या आठवड्यात आई, बायको, बहीण, मुलगी यांना घेऊन जा.