कोलोनमधील देवालये, मांडव आणि परवाने : काही गैरसमज

कोलोन आणि त्याच्या आसपास नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचा गणेशोत्सव घरच्या देव्हाऱ्यातून सार्वजनिक सभागृहात आला, आणि सभागृहात आलेला उत्सव केव्हा तरी स्वतःच्या वास्तूत जावा, ही आकांक्षाही ओघानेच बळावली. तिचा उच्चार बैठकीत झाला की दोन मते हटकून मांडली जातात. एका मताप्रमाणे या ख्रिस्ती देशात हिंदूंना देवालय बांधण्याची मुभा मिळणे सरकारच्या मेहेरनजरेवर अवलंबून असते. दुसऱ्या मताप्रमाणे, धर्मस्वातंत्र्य घटनेनेच दिलेले असल्यामुळे देवाच्या कार्यासाठी कोणाकडे अर्ज करण्याचे कारणच नाही. ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि त्यांच्यापायी मंडळांच्या द्रव्याची व उत्साहाची जी हानी होते ती सहज टाळता येण्याजोगी असल्यामुळे या विषयाचा थोडा विस्ताराने खुलासा करणे मला अगत्याचे वाटते.

१९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्याचा चौथा अनुच्छेद श्रद्धेचे आणि निर्विघ्न उपासनेचे स्वातंत्र्य देतो, आणि त्यात कोणत्याही एका धर्माचे नाव नाही. काही धर्मसंस्थांना तेथे सार्वजनिक निगमाचा दर्जा आहे व त्या बळावर त्यांना आपल्या अनुयायांकडून कर वसूल करता येतो, हे खरे. पण हा दर्जा नसलेल्या समाजाला मंदिर बांधता येत नाही, ही समजूत निराधार आहे. किमान सात सभासद जमवून स्थानिक न्यायालयाच्या नोंदवहीत दाखल केलेली साधी संस्था जागा विकत घेऊ शकते, अर्ज करू शकते आणि इमारत उभारू शकते. इमारतींचा कायदा हा मात्र संघराज्याचा नसून घटकराज्याचा विषय आहे, आणि कोलोन ज्या नोर्डऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात येते त्याच्या २०१८ च्या इमारत कायद्यात अशी स्पष्ट तरतूद आहे की, सार्वजनिक कायद्याच्या कोणत्याही नियमाला बाध येत नसेल तर परवाना दिलाच पाहिजे. म्हणजे परवाना ही अधिकाऱ्याने करावयाची कृपा नव्हे. अर्जदाराचा तो हक्क आहे, आणि तो नाकारावयाचा झाल्यास अधिकाऱ्याला नियमावर बोट ठेवून कारण लिहून द्यावे लागते व त्यावर न्यायालयात दाद मागता येते.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज याहून वेगळाच आहे. औद्योगिक वसाहतीतील एखादी रिकामी वखार किंवा बंद पडलेले दुकान भाड्याने घ्यावे, आत संगमरवरी चौथरा करून मूर्तीची प्रतिष्ठा करावी, आणि एकही नवी भिंत घातलेली नसल्यामुळे परवान्याचा प्रश्नच उद्भवत नाही असे मानावे, हा शिरस्ता अनेकांना निर्धोक वाटतो. जर्मन कायदा मात्र बांधकामाइतकेच महत्त्व वापराला देतो. जी वास्तू माल ठेवण्यासाठी मंजूर झाली तिच्यात आठवड्यातून दोनदा शंभर माणसे आरतीला जमू लागली, तर वीट न वीट जुनीच असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती वास्तू निराळी झाली, आणि या वापरबदलासाठी नव्या इमारतीसारखाच रीतसर अर्ज, पात्र वास्तुविशारदाच्या सहीचे नकाशे, आगीच्या प्रसंगी बाहेर पडण्याच्या वाटांचा आराखडा आणि मोटारी उभ्या करण्याच्या जागेचा हिशेब द्यावा लागतो. परवान्यावाचून सुरू केलेला वापर थांबविण्याचा हुकूम इमारत खात्याला काढता येतो, आणि तोवर चौथऱ्यावर व सजावटीवर झालेला खर्च वाया जातो.

या कडक शिस्तीमागे धर्माविषयीचा आकस शोधणे अन्यायाचे होईल. कोलोनच्या उत्तरेस, याच राज्यातील डुइसबुर्ग शहरात २४ जुलै २०१० रोजी ‘लव्ह परेड’ नावाचा संगीतोत्सव रेल्वेच्या जुन्या मालस्थानकाच्या आवारात भरविण्यात आला. जागेचा मूळ वापर निराळा, येण्याजाण्याचा मार्ग बोगद्यातून व अरुंद उतारावरून, आणि लोटलेला समुदाय अफाट, अशा स्थितीत झालेल्या चेंगराचेंगरीत २१ जणांचे प्राण गेले. माणसे किती, दारे किती, दारांची रुंदी किती, हे प्रश्न या राज्यातील अधिकारी प्रत्येक जत्रेला, मैफलीला आणि उत्सवाला विचारतात ते या आठवणीसह. मांढरदेवीच्या यात्रेत २००५ साली जी चेंगराचेंगरी झाली ती ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी माणसांना या प्रश्नांचे मोल निराळे सांगावयास नको.

देवालयासाठी जागा कोठे मिळेल, याविषयीही उलटसुलट बोलले जाते. मंदिराला शहराबाहेर हाकलतात, असे काही जण म्हणतात, आणि आधाराला हाम्म शहरातील तमिळ मंदिराचे उदाहरण देतात. वस्तुतः भूमीच्या वापराविषयीच्या संघीय नियमावलीप्रमाणे सामान्य निवासी भागात धार्मिक व सांस्कृतिक वास्तूंना तत्त्वतः मज्जाव नाही, मिश्र वस्तीत त्या सरळ मान्य आहेत, आणि कारखान्यांच्या व उद्योगांच्या भागात मात्र त्या अपवाद म्हणूनच मंजूर होतात. हाम्ममध्ये जे घडले ते असे. श्रीलंकेतील यादवी युद्धामुळे परागंदा झालेल्या तमिळ शैवांनी १९८९ मध्ये एका घराच्या तळघरात कामाक्षी अम्मनची स्थापना केली. भक्तांची संख्या वाढल्यावर देवी एका जुन्या धुलाई कारखान्याच्या जागेत गेली. वार्षिक रथोत्सवाला हजारो लोक येऊ लागले, तेव्हा शेजाऱ्यांनी गर्दीविषयी आणि वाटेल तेथे उभ्या राहणाऱ्या मोटारींविषयी तक्रारी केल्या. त्यातून वाटाघाटी झाल्या, आणि उएन्ट्रोप या उपनगराच्या औद्योगिक भागात, जेथे रात्री झोपमोड व्हावी असे शेजारी नाहीत आणि रथ फिरवावयास रस्ते रुंद आहेत, अशी जागा मिळाली. हाइन्त्स-राइनर आइशहोर्स्ट या जर्मन वास्तुविशारदाने कांचीपुरमच्या मंदिराचा आदर्श समोर ठेवून आराखडा केला, शिल्पकाम भारतातून आलेल्या कारागिरांनी केले, आणि जुलै २००२ मध्ये सुमारे सतरा मीटर उंचीच्या गोपुरासह देवालयाचा कुंभाभिषेक पार पडला. ज्या समाजातील बहुसंख्य लोक आश्रयार्थी म्हणून रित्या हाताने आले होते त्याने तेरा वर्षांत हे साधले, याचा मला मनापासून आदर वाटतो. आणि कोलोनच्या सुस्थित मराठी मंडळींनी एकदा उएन्ट्रोपला जाऊन केवळ दर्शन न घेता त्या विश्वस्तांकडून परवान्यांची हकीकतही ऐकावी असे मला वाटते. खुद्द कोलोनमध्ये अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू कुटुंबांनी आपले मंदिर चालविले आहे, इस्कॉनचे केंद्र आहे, आणि बंगाली मंडळींची दुर्गापूजा सभागृहात वर्षानुवर्षे होते. तेव्हा मार्ग अगदी अनोळखी आहे असे नाही.

शेजाऱ्यांनी विरोध केला की परवाना बुडालाच, असेही मानले जाते. शेजाऱ्याची हरकत कायद्याने संरक्षिलेल्या त्याच्या हक्काला धरून असेल, म्हणजे हद्दीपासूनचे अंतर, आवाज, वाहनांची रहदारी यांविषयी असेल, तर ती विचारात घेतली जाते. केवळ नापसंती हे कारण होऊ शकत नाही. एरेनफेल्ड भागातील मध्यवर्ती मशिदीच्या वेळी कोलोनने याची मोठी परीक्षा दिली. पाउल ब्योम यांच्या आराखड्याला उग्र विरोध झाला, निदर्शने झाली, तरीही ऑगस्ट २००८ मध्ये नगरपरिषदेने नगररचना आराखड्यातील आवश्यक बदलाला मान्यता दिली, आणि दीर्घ विलंबानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये तिचे औपचारिक उद्घाटन झाले. तिचे मिनार ५५ मीटर उंच आहेत. येथील विख्यात कॅथीड्रलच्या मनोऱ्यांचा मान राखण्यासाठी अन्य धर्मीयांच्या शिखरांवर बंधन आहे, ही समजूत या एका आकड्यानेच निकालात निघावी. कॅथीड्रलच्या दर्शनाला बाध येतो म्हणून जो खरा वाद झाला तो व्यापारी इमारतींविषयी होता: ऱ्हाइनच्या पलीकडच्या डॉइट्स तीरावर योजलेल्या उंच मनोऱ्यांमुळे युनेस्कोने २००४ मध्ये कॅथीड्रलला संकटग्रस्त वारशाच्या यादीत घातले, आणि योजना आखडती घेतल्यावर २००६ मध्ये त्या यादीतून काढले. कॅथीड्रलच्या १५७ मीटरच्या मनोऱ्यांपुढे मंदिराचे वीस-पंचवीस मीटरचे शिखर हा वादाचा विषय होण्याचा संभव फारच थोडा.

आता मांडवाविषयी. पुण्यामुंबईत रस्त्यावर मांडव घालावयाचा तर महापालिका, पोलीस, वाहतूक शाखा आणि अग्निशमन दल यांचे परवाने लागतात हे ठाऊक असूनही, परदेशात चार दिवसांचा तंबू कोण विचारतो, असे कार्यकर्त्यांना वाटते. राज्याच्या कायद्यात पुनःपुन्हा उभारावयाच्या व उतरवावयाच्या इमल्यांसाठी स्वतंत्र कलम आहे. ७५ चौरस मीटरपर्यंतच्या तंबूला त्या कलमाखालील मंजुरीतून सूट आहे. त्याहून मोठ्या तंबूसोबत तपासणीची नोंदवही असावी लागते, जी भाड्याने तंबू देणाऱ्या व्यावसायिकाकडे असतेच, आणि उभारणीनंतर वापरापूर्वी इमारत खात्याचा अधिकारी तो पाहून जाऊ शकतो. घरी शिवलेल्या, बांबूला बांधलेल्या प्रशस्त मांडवाला अशी नोंदवही नसते, म्हणून तो अडतो. सार्वजनिक चौकात काही उभारावयाचे तर रस्त्याच्या विशेष वापराचा परवाना निराळा घ्यावा लागतो.

सभागृह भाड्याने घेतले म्हणजे सुटलो, हेही खरे नाही. दोनशेहून अधिक प्रेक्षकांच्या सभागृहांना लागू असलेल्या नियमांतून केवळ उपासनेला वाहिलेली दालने वगळली आहेत. पण नागरी केंद्राचे सभागृह एका दिवसाच्या पूजेने देवालय होत नाही. तेथे सजावटीचे साहित्य सहजी पेट न घेणारे असावे लागते, त्यामुळे थर्माकोलचे मखर आणि साध्या कापडाचे पडदे बाद होतात. समई, निरांजन आणि कापूर यांची उघडी ज्योत अग्निशमन दलाशी आधी विचारविनिमय करूनच लावता येते. हा विचारविनिमय मनापासून केला तर बहुधा निभावतो. धुपाच्या धुराने गजर वाजून अग्निशमनाच्या गाड्या धावून आल्या, तर त्याचे देयक आयोजकाच्या नावे निघू शकते.

आवाजाच्या बाबतीत आपल्या लोकांची सर्वाधिक निराशा होते, आणि तीत तथ्यही आहे, कारण ढोल-ताशाचे पथक शंभर डेसिबलच्या पुढे सहज जाते, आणि सामान्य निवासी भागातील मार्गदर्शक मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४०, तर उद्योगांच्या भागात दिवसा ६५ व रात्री ५० अशी आहे, तीही शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीबाहेर अर्ध्या मीटरवर मोजलेली. रात्र दहाला सुरू होऊन सकाळी सहाला संपते. काकड आरती म्हणूनच दालनात, दारे मिटून करावी लागते. एरेनफेल्डच्या मशिदीलाही शुक्रवारची अजान ऑक्टोबर २०२२ पासून मिळाली ती दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, फार तर पाच मिनिटे, आवाजाची मर्यादा ठरवून आणि शेजाऱ्यांना आधी कळवून. पंचांगाशी जुळवताना येथील सुट्ट्यांचे नियमही पाहावे लागतात: २०२४ चे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आले, आणि तो येथे सर्व संतांचा शांत दिवस असल्यामुळे सायंकाळी सहापर्यंत सार्वजनिक संगीत-नृत्याला मनाई असते. फुलबाजीसारखे किरकोळ शोभेचे दारूकाम वर्षभर चालते. मोठे फटाके मात्र विशेष परवानगीवाचून केवळ वर्षअखेरीसच उडविता येतात.

विसर्जनाची समजूत अशी की प्लास्टर टाळून शाडूची मूर्ती आणली म्हणजे ती ऱ्हाइनमध्ये सोडावयास हरकत नाही. संघीय जलकायदा टाकून देण्याच्या हेतूने कोणताही घन पदार्थ नदीत घालण्यास मनाई करतो, आणि शाडूही घनच आहे. शिवाय ऱ्हाइन हा संघराज्याचा जलमार्ग आहे व काठाजवळची त्याची ओढ जीवघेणी आहे. नदीवरील धर्मविधीला मात्र सरसकट बंदी नाही: कोलोनच्याच म्यूलहाइम भागात कॉर्पस क्रिस्टीच्या दिवशी नौकांची धर्मयात्रा ऱ्हाइनवर निघते, आणि हाम्मची देवी कालव्याच्या काठी स्नानाला जाते. आपल्याकडे मुंबईत कृत्रिम तलाव रूढ झाले आहेत. येथे सभागृहाच्या आवारातील पाण्याचे पिंप तेच काम करते, आणि धातूची मूर्ती पुजून विसर्जन प्रतीकरूपाने केले तरी शास्त्राला बाध येत नाही.

एक सोय आहे जिची माहिती बहुतेक मंडळांना नसते. जागेचा भाडेकरार किंवा खरेदीखत करण्यापूर्वी, संपूर्ण नकाशे न काढता, या जागेत धार्मिक वापर मान्य होईल काय, एवढाच प्रश्न इमारत खात्याकडे लेखी विचारता येतो. मिळालेले अनुकूल उत्तर खात्याला बंधनकारक असते आणि तीन वर्षे लागू राहते. या अर्जात उपासनेचे दिवस व वेळा, नित्याची आणि उत्सवातील उपस्थिती, प्रसादाचा स्वयंपाक, वाद्ये आणि वाहने यांचे खरे आकडे द्यावेत. ते कमी करून सांगितल्यास परवाना त्या कमी आकड्यांपुरताच मिळतो, आणि पहिल्याच गणेश चतुर्थीला तो अपुरा पडतो.