शस्त्र, परवाना आणि कायदा
लेखांक ७ : स्वसंरक्षणानंतरची बंदूक कोणाच्या ताब्यात?

मागील लेखांकात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये सांगितलेल्या खासगी संरक्षणाच्या हक्काचे, म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचे व मालमत्तेचे आक्रमणापासून रक्षण करण्याच्या हक्काचे, स्वरूप पाहण्यात आले. हा हक्क बजावताना परवानाधारकाने गोळी झाडली आणि ती कायद्याच्या मर्यादेतच झाडली असे प्रथमदर्शनी दिसले, तरी त्याचे शस्त्र पोलीस ताब्यात घेतात. ते कोणत्या अधिकाराने, आणि पुढे ते परत कोण देतो, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे. या प्रश्नाचे उत्तर एका कायद्यात सापडत नाही, कारण शस्त्राच्या परतीचा मार्ग पोलीस, न्यायालय आणि परवाना अधिकारी अशा तीन स्वतंत्र दारांतून जातो.

पहिले दार जप्तीचे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ नुसार, एखादा गुन्हा घडल्याचा संशय निर्माण होईल अशा परिस्थितीत सापडलेली कोणतीही वस्तू पोलीस अधिकारी जप्त करू शकतो. ती वस्तू चोरीची असावी लागत नाही, किंवा तिच्या मालकाने गुन्हा केला आहे असे ठरलेलेही असावे लागत नाही. अशा जप्त वस्तूला पोलिसी परिभाषेत मुद्देमाल म्हणतात. पंचांसमक्ष पंचनामा करून ती मोहोरबंद केली जाते आणि जप्तीची खबर तत्काळ दंडाधिकाऱ्यास कळवावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेच्या कलम १०५ ने जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरणही बंधनकारक केले आहे. गोळीबाराने मृत्यू किंवा दुखापत झाली ही वस्तुस्थिती आहे, तर ती स्वसंरक्षणार्थ झाली हा बचाव आहे, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे अशा अपवादाचा आधार घेणाऱ्यावरच तो दाखवून देण्याचा भार असतो. त्यामुळे जप्ती ही शिक्षा नसून पुराव्याचे जतन आहे, आणि परवाना वैध आहे एवढ्यावरून तिला हरकत घेता येत नाही.

या जतनाचा लाभ पुष्कळदा मालकालाच होतो, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर वा रायफल यांच्या नळीत आतून कोरलेल्या आवर्त खाचा असतात व त्यांच्या खुणा गोळीवर उमटतात. बारा बोअरच्या बंदुकीची नळी मात्र गुळगुळीत असल्याने तिच्या छर्‍यांवर अशी खूण राहत नाही, आणि तिची ओळख काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीवर उमटलेल्या फायरिंग पिनच्या ठशावरून पटवावी लागते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न अंतराचा असतो. गोळी हातभर अंतरावरून झाडली की पाठमोऱ्या पळणाऱ्यावर दुरून, हे कपड्यांवरील दारूचे कण व छर्‍यांचा फैलाव यांवरून ठरवले जाते, आणि त्यासाठी प्रयोगशाळेत तेच शस्त्र, शक्यतो त्याच प्रकारच्या काडतुसांसह, वेगवेगळ्या अंतरांवरून झाडून पाहावे लागते. आक्रमक अंगावर धावून आला होता असे मालकाचे म्हणणे असेल, तर त्याची सर्वांत निःपक्षपाती साक्ष त्याच्याच बंदुकीकडून मिळते.

दुसरे दार न्यायालयाचे आहे. तपास, चौकशी वा खटला चालू असताना न्यायालयापुढे आलेल्या मालमत्तेच्या ताब्याविषयी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९७ आहे. जप्तीची खबर दिली गेली, परंतु वस्तू चौकशीत वा खटल्यात न्यायालयापुढे आलीच नाही, अशा प्रसंगी कलम ५०३ लागू पडते. आणि खटला संपल्यानंतरच्या अंतिम विल्हेवाटीसाठी कलम ४९८ आहे. नव्या संहितेने कलम ४९७ मध्ये मुदती घातल्या आहेत : मालमत्ता हजर झाल्यापासून १४ दिवसांत तिच्या वर्णनाचे विवरण तयार करावयाचे, तिचे छायाचित्र वा चित्रफीत घ्यावयाची, आणि विवरणानंतर ३० दिवसांत तिच्याविषयी आदेश द्यावयाचा. या सुधारणेमागे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात मांडलेला विचार दिसतो. जप्त वस्तू पोलीस ठाण्यात पंधरा दिवस ते एक महिना याहून अधिक काळ पडून राहू नयेत, सविस्तर पंचनामा, छायाचित्रे व मुचलका, म्हणजे बोलावल्यास वस्तू हजर करण्याची लेखी हमी, घेऊन त्या योग्य व्यक्तीच्या स्वाधीन कराव्यात, असे त्या निकालाचे सार आहे. अशा अंतरिम ताब्याला व्यवहारात सुपूर्दनामा हा शब्द रूढ आहे.

तथापि जप्त झालेली गाडी आणि जप्त झालेली बंदूक यांत फरक आहे. गाडीच्या छायाचित्राने साक्षीदाराचे काम भागते, परंतु बंदुकीच्या नळीची वा फायरिंग पिनची खूण हाच पुरावा असल्याने, ती वापरात राहिल्यास किंवा तिचा भाग बदलल्यास पुरावाच झिजतो. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल येण्यापूर्वी शस्त्र सुपूर्द करण्यास न्यायालये साहजिकच नाखूश असतात. मालकावर कोणताही आरोप ठेवला गेला नाही, तरी आक्रमक जिवंत राहून त्याच्यावर दरोड्याचा खटला चालला, तर त्या खटल्यातही ती बंदूक मुद्देमालच असते. निर्दोष ठरलेल्या मालकाच्या लाभात कलम ४९८ खाली आदेश झाला, तरी सामान्यतः दोन महिने किंवा अपील प्रलंबित असल्यास त्याच्या निकालापर्यंत त्याची अंमलबजावणी होत नाही. मुचलका लिहून दिल्यास मात्र ताबा त्याआधीही मिळू शकतो.

तिसरे दार परवान्याचे आहे, आणि बहुतेक मालकांची गफलत येथेच होते. बंदूक ही मालमत्ता म्हणून मालकाची असली, तरी ती जवळ बाळगण्याचा अधिकार मालकीतून नव्हे, तर शस्त्र अधिनियम, १९५९ खालील परवान्यातून येतो. या अधिनियमाच्या कलम १७ नुसार, सार्वजनिक शांतता वा सुरक्षितता यांसाठी आवश्यक वाटल्यास, किंवा परवान्याच्या अटींचा भंग झाल्यास, परवाना अधिकारी परवाना निलंबित वा रद्द करू शकतो. महाराष्ट्रात हा अधिकार आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्ताकडे व इतरत्र जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे असतो. अशा आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते. न्यायालयाने शस्त्र परत देण्याचा आदेश दिला, परंतु परवाना निलंबित असेल, तर ते शस्त्र हाती घेणे हाच गुन्हा ठरतो. उलट परवाना अबाधित असेल, परंतु न्यायालयाचा आदेश नसेल, तर मुद्देमाल कारकुनाला ते देता येत नाही. शस्त्र ठाण्यात मोहोरबंद पडले असताना परवान्याची मुदत मात्र थांबत नाही; २०१९ च्या दुरुस्तीने ती तीनवरून पाच वर्षे केली असली, तरी खटला त्याहून लांबला आणि नूतनीकरणाचा अर्ज राहून गेला, तर निर्दोष सुटलेला मालकही रिकाम्या हाताने परततो.

या व्यवस्थेतील खरा दोष जप्तीत नसून जप्तीनंतरच्या कालापव्ययात आहे. ज्याच्यावर एकदा हल्ला झाला, त्याला सुडाचे भय नेमके त्यानंतरच्या महिन्यांत अधिक असते, आणि त्याच काळात त्याच्या रक्षणाचे साधन ठाण्याच्या कपाटात असते. या विसंगतीवर उपाय जप्ती टाळणे हा होऊ शकत नाही, कारण तसे केल्यास निरपराध मालकाचाच उत्तम पुरावा नाहीसा होईल. उपाय आहे तो परीक्षण लवकर उरकण्याचा आणि संहितेने घातलेल्या मुदती पाळण्याचा. तोवर परवानाधारकाने जप्ती पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी, तीत शस्त्राचा क्रमांक, बनावट व काडतुसांची संख्या बरोबर नोंदली आहे ना हे ताडून पाहावे, अहवाल येताच ताब्यासाठी न्यायालयात अर्ज करावा, आणि बंदूक घरात नसली तरी परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख चुकवू नये.