चिनी मातीवरील चित्रें आणि त्यांचे कर्ते

चित्राच्या कोपऱ्यांत नांव दिसलें, कीं कर्ता सांपडला असें आपण सहज मानतों. चिनी मातीच्या सपाट फलकांवरील जुन्या चित्रांच्या बाबतींत मात्र ही घाई महागांत पडते. नांव चुकलें तर घेणाऱ्याचें द्रव्य जातें, आणि खऱ्या कारागिराचें श्रेय दुसऱ्याच्या पदरीं पडतें. म्हणून असल्या चित्रांचा कर्ता कसा ठरवावा, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

या कलेचें माहेरघर चीनमधील जिआंग्शी प्रांतांतलें जिंगदेजन. तेथें १९२८ सालीं कांहीं चित्रकारांनीं 'पूर्णचंद्र मंडळ' स्थापिलें. 'झूशानचे आठ मित्र' ते हेच. नांवांच्या याद्या एकत्र केल्या तर मात्र ते आठांहून अधिक भरतात! वांग छी मनुष्याकृतींत, तर हे शूरन हिमदृश्यांत निष्णात. त्यांची कीर्ति वाढली, तशीं अनुकरणेंही वाढलीं.

नैयायिक शब्दास प्रमाण मानतात खरे, पण बोलणारा आप्त असेल तरच. फलकावरील सही हाही शब्दच. तिची आप्तता आधीं तपासली पाहिजे.

पहिली कसोटी काळाची. चिनी कालगणनेंत आपल्या संवत्सरांप्रमाणेंच साठ वर्षांचें चक्र आहे. 'गंगवू' हें वर्ष १८७०, १९३० आणि १९९० असें तिन्ही वेळां आलें. वांग छी १८८४ त जन्मला. तेव्हां त्याच्या नांवाच्या फलकावर हें वर्ष असल्यास तें १९३० च धरलें पाहिजे. पण तेवढ्यानें फलक खरा ठरत नाहीं. झिलई दिलेला पांढरा फलक प्रथम प्रखर आंचेवर भाजतात. त्यावर रंग भरून पुन्हां सौम्य आंच देतात. जुन्या कोऱ्या फलकावर मागाहून कोणीहि चित्र काढूं शकतो. अर्थात् मातीचें वय तें चित्राचें वय नव्हे.

दुसरी कसोटी हाताची. निःसंशय अस्सल कृति शेजारीं ठेवून वस्त्राच्या चुण्या, बोटें, केंस आणि अक्षरांचें वळण पडताळावें. विषय उचलतां येतो. कुंचल्याची गति उचलणें कठीण. नकल करणाऱ्याची रेघ बहुधा चांचरते. फलक चारांच्या संचांतला असेल, तर उरलेल्या तिघांचाहि शोध घ्यावा. सही कधीं कधीं एकावरच असते.

तिसरी गोष्ट कारखान्याची. १७४३ सालीं बादशाही कारखान्याचा अधिकारी तांग यिंग यानें तेथील श्रमविभाग वर्णिला आहे: रेखाटणारा रेखाटणेंच शिके, रंग भरणारा रंग भरणेंच. पुढें सही करणारे चित्रकार आले, तरी त्यांच्याहि हाताखालीं शिष्य असत. म्हणून एका फलकास एकच हात लागला असें गृहीत धरूं नये.

तात्पर्य, 'अमक्याचें', 'अमक्याच्या कारखान्यांतलें' आणि 'अमक्याच्या धर्तीचें' हे तीन निर्णय भिन्न आहेत. पुरावा तिसऱ्यापुरताच असेल, तर तिसराच शब्द उच्चारावा. त्यानें किंमत उतरेल. चित्राची शोभा रतिभरहि उतरणार नाहीं.