चौथ्या सीटचा हिशेब

ज्याच्याशी नाते नाही, ओळख नाही आणि ज्याची पुन्हा गाठ पडण्याची शक्यताही नाही, अशा परक्यासाठी माणूस तोशीस का सोसतो, हा उत्क्रांतीच्या अभ्यासकांपुढचा जुना प्रश्न आहे. विल्यम हॅमिल्टन यांचा १९६४चा आप्तनिवडीचा सिद्धान्त, म्हणजे रक्ताच्या नातलगांना मदत केल्याने आपलीच जनुके टिकतात हा विचार, आणि रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये मांडलेला परस्पर-परार्थ, म्हणजे आजच्या मदतीची उद्या परतफेड होते ही कल्पना, यांतून घरातल्या आणि गावातल्या सहकार्याचा उलगडा होतो. परंतु मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावरचे प्रवासी कोणा अनोळखी माणसासाठी अंग चोरून ‘चौथी सीट’ करून देतात, तेव्हा ही स्पष्टीकरणे तोकडी पडतात. ही सीट म्हणजे बाकाच्या कडेची जेमतेम वीतभर जागा, जिच्यावर बसणाऱ्याचे अर्धे अंग बाहेरच राहते. सरकणाऱ्याला त्यात आपण काही दिले असे वाटतही नाही, पण अवघडलेल्या पायांना ती वीतभर जागा फार मोठी असते.

हिशेबातली हीच तफावत अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मोजली. शिकागोत, थंडीच्या दिवसांत, बर्फावर स्केटिंग करायला आलेल्यांना त्यांनी हॉट चॉकलेट देऊ केले आणि ते हवे तर तिथल्याच एखाद्या अनोळखी व्यक्तीला द्यावे असे सुचवले, तेव्हा बहुतेकांनी ते देऊन टाकले. मात्र घेणाऱ्याला जितका आनंद झाला, तितक्याचा अंदाज देणाऱ्यांना आला नव्हता. देणारा वस्तूची किंमत धरतो आणि घेणाऱ्याला वस्तूबरोबर आपुलकीही मिळते, असा याचा उलगडा संशोधकांनी केला. हा चुकीचा अंदाजच अनेक हातांना मागे खेचत असणार, कारण आपल्या चिमूटभर मदतीने काय होणार, असे वाटले की माणूस पुढे होत नाही.

दुसरा अडसर घाईचा आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांच्या १९७३च्या प्रयोगात प्रिन्स्टनमधील धर्मशिक्षणाचे ४० विद्यार्थी भाषणासाठी निघाले असता वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसलेला होता. सवडीने जाणाऱ्यांपैकी ६३ टक्के थांबले, उशीर झाल्याचे सांगितलेल्यांपैकी केवळ १० टक्के, आणि त्यांतल्या काहींच्या भाषणाचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या वाटसरूची बायबलमधील कथा हाच होता. लोकलच्या बाकावर बसलेल्याची घाई मात्र गाडीच्या हाती असते, आणि पुढचे स्टेशन येईपर्यंत समोर उभ्या माणसाकडे पाहण्याखेरीज त्याला दुसरे काम नसते.