एकच रंग उठून दिसणारा फोटो : दुकानदारांसाठी सोपी रीत

आजकाल गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधी मोबाइलवर मालाचा फोटो मागते. फोटोत दहा रंगांची गर्दी असली की नजर कुठेच ठरत नाही. अशा वेळी विकायच्या वस्तूचा रंग तसाच ठेवून बाकीचे चित्र कृष्णधवल करता येते. हे काम शिकायला फार वेळ लागत नाही.

'फोटोशॉप' या प्रसिद्ध प्रोग्रामला पैसे पडतात. त्याची चोरीची प्रत वापरण्यापेक्षा 'गिम्प' घ्यावा. हा प्रोग्राम १९९६ पासून सर्वांना मोफत मिळतो. माल हलाल, तर साधनही हलाल असावे.

समजा, औरंगाबादी हिमरूची लाल शाल दाखवायची आहे आणि मागे इतर रंगांच्या घड्या आहेत. फोटो दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात न ठेवता काढावा. पिवळ्या दिव्याखाली कापडाचा रंग फोटोत हमखास बदलतो.

१) 'गिम्प'मध्ये फोटो उघडून 'लेअर' मेनूतून 'डुप्लिकेट लेअर' करा. एकाच नक्षीची दोन कापडे एकमेकांवर अंथरावीत, तसे हे दोन थर झाले.

२) वरचा थर निवडून 'कलर्स' मेनूतील 'डिसॅच्युरेट' वापरा. वरचे कापड करडे झाले, खालचे रंगीतच राहिले.

३) वरच्या थराला 'लेअर मास्क' जोडा व पांढरा मास्क निवडा. मास्क म्हणजे त्या कापडावरचा पडदा. पांढरा असेल तिथे वरचा थर दिसतो. काळा केला तिथे खिडकी पडून खालचा रंग दिसतो.

४) ब्रशला काळा रंग देऊन शालीवर फिरवा. लाल रंग उघडा होत जाईल. ब्रश बाहेर गेला तर पांढऱ्या रंगाने परत झाका. कडेला चित्र मोठे करून लहान ब्रश वापरा.

५) काम 'गिम्प'च्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये जपून ठेवा, म्हणजे पुढे दुरुस्ती करता येईल. गिऱ्हाइकाला पाठवायची प्रत 'एक्स्पोर्ट'ने जेपीजी करा. मूळ फोटो वेगळा सांभाळा.

पांढऱ्या, काळ्या किंवा करड्या मालाला ही रीत उपयोगी नाही. त्यात उठून दिसायला रंगच नसतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या रीतीत मालाला नवा रंग चढत नाही. फक्त शेजारचे रंग उतरतात. म्हणून आम्हाला ती पसंत आहे. पण करड्याच्या शेजारी लाल रंग आहे त्याहून भडक भासतो. रंगरेज आणि कापडवाले हे चांगले जाणतात. तेव्हा असा फोटो दुकानाच्या पाटीसाठी, जाहिरातीसाठी वापरावा. सौदा ठरवताना मात्र त्याच मालाचा साधा, पूर्ण रंगीत फोटो सोबत द्यावा. रंग गडद करणारी कळ फिरवणे किंवा डागाचा भाग करड्यात लपवणे ही फसवणूक होय. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते. आज ती रास मोबाइलच्या पडद्यावर आहे, आणि दूरच्या गिऱ्हाइकाला तिच्यात हात घालता येत नाही.

म्हणून पार्सल बांधण्यापूर्वी फोटो आणि माल खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवून पाहावा. दोन्ही जुळत असतील तरच माल पाठवावा. परत आलेल्या पार्सलचे भाडे तर अंगावर पडतेच, पण गेलेला भरवसा कोणत्याही भाड्याने परत येत नाही.